वहिनी, नाक सोडा

नारायणगुडा, हैदराबाद
१४ जून १९९८

नामदेवभावजी,

नमस्कार. हे पत्र मंगलाला मोठ्यानं वाचून दाखवा. तुमच्या-माझ्यात तिच्यापासून लपवण्यासारखं काही नको. लपवायचं आहे ते फक्त तुमच्या मित्रापासून.

मिलिंदबरोबर धाडलेली बाटली पोचली. गोल डबा, आत हिरवी बाटली, वर इंग्रजी नाव. मला ते वाचता येतं पण म्हणता येत नाही. मिलिंद म्हणाला, "नामदेवकाकांनी खास तुमच्यासाठी दिलीय." यांनी डबा फिरवून पाहिला आणि "ठेव कुठंतरी" म्हणून माझ्या हातात दिला. तो पोरगा साता समुद्रापलीकडून आलेला, त्याला चहासुद्धा विचारला नाही. मी विचारला, भजी केली आणि वेळ सांभाळून घेतली. बाटली तूर्त तांदळाच्या पिंपामागं आहे.

आता खरं लिहिते. तुम्ही गेलात त्याला वर्ष होऊन गेलं, तेव्हापासून हे बोलत नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही, आजार म्हणावा तर डॉक्टरला काही सापडत नाही. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी व्हरांडा. दिवसभरात मला ऐकू येतं ते "भाजी कोणती" आणि "दार लावलं का". तुमच्यानंतर कारखान्यातला यांचा विभागही बंद झाला. मग यांनीही स्वेच्छानिवृत्तीच्या त्याच कागदावर सही केली, ज्यावर तुम्ही केली म्हणून तुमच्याशी बोलणं सोडलं होतं. म्हणजे आता रागवायलाही जागा उरलेली नाही, आणि माणूस रागावल्याशिवाय तरी कसा राहणार?

तुमची बाजू मला कळते. उदयनं अमेरिकेला बोलावलं, नातू व्हायचा होता, कारखान्याचे दिवस भरले होते. तुमच्या जागी मी असते तरी सही केली असती. पण दोघांनी मिळून "सही करायची नाही" असं ठरवलं होतं ना? मग मोडताना एक शब्द सांगायचा होतात. जन्माच्या मित्राची गोष्ट यांना नोटीसबोर्डावर वाचावी लागली. विमानतळावर हे आले नाहीत ते त्याचमुळं. तुम्ही मात्र शेवटपर्यंत दाराकडं बघत होतात, ते मी पाहिलं.

असो. माझं काम वेगळंच आहे. मला व्हिस्की प्यायला शिकवा.

हसू नका. तीस वर्षं दर बुधवारी तुम्ही दोघं आतल्या खोलीत बसलात. बुधवार मीच काढून दिला होता, आठवतं? सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा आणि रविवारी पाहुणे. उरला बिचारा बुधवार. दारूबंदीत तुम्ही बिदरहून औषधाच्या पिशवीतून आणायचात, तेव्हासुद्धा तो वार चुकला नाही. मी पडद्याच्या अलीकडून हात घालून चखणा द्यायची. तळलेली डाळ, शेंगदाणे, कधी खिमा. आणि आतून यांचं हसणं ऐकू यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याशी बोलताना हा माणूस तसा कधीच हसला नाही. मला वाटायचं, बायकांशी असं हसत नसतील पुरुष. आता ते हसणं घरातूनच गेलंय आणि मला ते परत हवंय. तुम्ही काही येत नाही, मग तुमच्या जागी मीच बसते.

मात्र बसायचं तर नीट बसायचं. तोंड वेडंवाकडं केलं की हे मला उठवतील. म्हणून शिकवा.

तुमची,
इंदू वहिनी


२ जुलै १९९८

नामदेवभावजी,

तुमचं उत्तर यायच्या आत मी घाई केली आणि फजिती करून घेतली. लेकीला, प्रणिताला, सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

काल दुपारी हे झोपले होते. मी बाटली काढली. आमच्या माहेरी एरंडेल द्यायची पद्धत अशी की डाव्या हातानं नाक दाबायचं, उजव्या हातानं वाटी तोंडाला लावायची आणि एका दमात आत ढकलायचं. वर गुळाचा खडा. लहानपणापासून कडू औषध म्हटलं की माझा हात आपोआप नाकाकडं जातो. तसंच केलं. स्टीलची वाटी, अर्धी भरलेली.

भावजी, घशापासून पोटापर्यंत कुणीतरी फोडणी टाकली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि खोकला असा की हे जागे होऊन "काय झालं?" म्हणाले. "मिरची लागली," म्हटलं. "दुपारी तीनला मिरची?" एवढं विचारून परत झोपले. त्या दिवसातलं तेच सगळ्यात लांब संभाषण.

चव म्हणाल तर काही कळली नाही. यासाठी तुम्ही तीस वर्षं वाया घालवलीत?

इंदू


२० ऑगस्ट १९९८

नामदेवभावजी,

तुमचं तीन पानी पत्र आलं. पहिलंच वाक्य वाचून मी एकटीच हसत बसले. "वहिनी, नाक सोडा."

तुम्ही लिहिलंय ते मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. स्टीलची वाटी नको, काचेचा पेला घ्या. बर्फ नको, त्यानं जीभ बधिर होते. आधी नुसता वास घ्या, आणि तोही तोंड जरासं उघडं ठेवून, म्हणजे नाक भाजत नाही. मग चमचाभर पाणी, म्हणजे वास मोकळा होतो. मग एवढासा घोट, जिभेवर सगळीकडं फिरवून. गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडा आणि घाई न करता थांबा, कारण खरी चव गिळल्यानंतर येते. आणि नवीन बाटली असली तर एक थेंब तळहातावर घेऊन चोळा आणि हुंगा, चारमिनारजवळचे अत्तरवाले करतात तसं. भेसळ असली तर नुसता स्पिरिटचा वास मागं राहतो.

पण पंचाईत अशी की पत्र हाती पडलं तेव्हा श्रावण लागला होता. आमच्या घरी श्रावणात कांदासुद्धा नाही, तिथं हे कुठं? दोन दिवस हळहळले. मग विचार केला, पिणं मना आहे, हुंगायला कुणी मना केलंय? तेव्हापासून रोज दुपारी पेला काढते, चार थेंब ओतते, तोंड उघडं ठेवून वास घेते आणि परत बाटलीत घालते. एक थेंब वाया नाही, एक थेंब पोटात नाही. महादेवही काही म्हणू शकत नाही.

आणि काय सांगू, रोज वेगळं काहीतरी सापडतं. पहिले दिवस नुसता भपका. मग एकदा ओळखीचं काहीतरी आलं आणि गेलं. दोन दिवस डोक्यात तेच. शेवटी बेगम बाजारात मसाल्याचं सामान आणायला गेले होते, तिथं दुकानात आत शिरले आणि जागच्या जागी थांबले. सुकं अंजीर, गोणपाट, लवंग, जुनं लाकूड. तोच वास! तिथला शेट मला ओळखतो. म्हणाला, "क्या अम्मा, लवंग पसंद नै आया क्या?" मी म्हटलं, "नै भय्या, बहोत पसंद आया." लवंग मी नेहमी चुरडून, हुंगून घेते. इतकी वर्षं नाकानं सामान पारखणारी मी, आणि दारू पिताना तेच नाक दाबून बसले होते.

एक घोटाळा झाला. परवा प्रणिता ऑफिसमधून लवकर आली. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी, डोळे मिटलेले, तोंड उघडं, पेला नाकाखाली. दारातच ओरडली, "आई! तू ड्रिंक करायलीस? अकेली? दोपहर में?"

"पीत नाहीये. श्रावण आहे," मी म्हटलं.

"मग काय करायलीस?"

"वास घेतेय."

ती खालीच बसली. मग तिला सगळं सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं, पेला माझ्या हातातून काढून स्वतः हुंगला आणि म्हणाली, "इसमें तो अपने गावचा वास आहे." कोणता वास ते तिला सांगता येईना. तुमचं पत्र दाखवलं तर म्हणाली, "आई, तूच वाच. मला इतकं मराठी नै जमत." मी वाचून दाखवलं. पप्पांना सांगणार नाही असं कबूल झालीय, पण येताजाता मला "क्या बेवडी, कैसी है?" म्हणते. घरात थोडं हसू आलंय, ते या निमित्तानं. यांच्यापर्यंत मात्र पोचत नाही.

इंदू


९ ऑक्टोबर १९९८

नामदेवभावजी,

उशीर झाला त्याचं कारण आपलं पंचांग. श्रावण संपला की गणपती. अनंतचतुर्दशी झाली की लगेच पितृपक्ष. मला मधे एकही बुधवार सापडला नाही. मग नवरात्र. दसरा उलटला तेव्हा कुठं परवाचा बुधवार मोकळा मिळाला.

मी काय केलं ते सांगते. तुमचे मित्र दर बुधवारी सातला आतल्या खोलीत जाऊन बसतात, हे तुम्हाला लिहिलं नव्हतं. लिहायला धीर झाला नाही. बाटली नाही, पेला नाही. दिवा लावतात, आपल्या जागी बसतात आणि तासाभरानं जेवायला बाहेर येतात. मीही डाळ तळत नाही. तळायची कुणासाठी?

परवा तळली. दोन पेले पुसले. इस्त्रीची साडी नेसले, देवाला नमस्कार केला आणि पडदा सारून आत गेले. समोरच्या खुर्चीत बसले. हे बघतच राहिले.

"हे काय?"

"बुधवार आहे."

"तू?"

"हौ, मी."

डब्यासकट बाटली मधे ठेवली. डबा ओळखला त्यांनी. मी तुमच्या धड्याप्रमाणं सुरू केलं. आधी एक थेंब तळहातावर घेतला, चोळला, हुंगला. वर पाहिलं तर यांचा चेहरा पार उतरलेला. उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. फाटकाचा आवाज आला.

भावजी, मी तशीच बसून राहिले. वाईट किती वाटलं ते विचारू नका. म्हटलं, बाई, शोभतं का तुला हे, या वयात? त्यांना वाटलं असेल मी थट्टा करतेय. उठून सगळं आवरणार होते. पण डाळ गरम होती, पेला भरलेला होता, आणि इतके महिने वास घेऊन घेऊन मी थकले होते. म्हटलं, निदान हे तरी कळू दे.

चमचाभर पाणी घातलं. एवढासा घोट घेतला. फिरवला. गिळला. तोंड मिटून श्वास सोडला आणि थांबले.

आधी काहीच नाही. मग गोड. साखरेचं गोड नव्हे, खरवसाच्या कडेला असतं तसं. मग धूर. मग तो धूर हळूहळू जाता जाता लवंगेसारखं काहीतरी जिभेवर सोडून गेला. भाजलं नाही, खोकला आला नाही. छातीत ऊब आली. मी दुसरा घोट घेतला, तर त्यात पहिल्यातलं अर्धंच होतं आणि अर्धं नवीन. मला आवडलं. खरंच आवडलं. नवऱ्यासाठी शिकायला घेतलं होतं, त्या क्षणी नवरा कुठं गेलाय याचा मला विसर पडला होता, हे मी तुम्हाला सांगते, त्यांना सांगणार नाही.

हे तासाभरानं आले. गौलीगुड्यापर्यंत चालत जाऊन आले म्हणे. मी ताट वाढलं. जेवताना म्हणाले, "डाळ उरली का?" उरली होती ती दिली. संपवली सगळी.

पुढच्या बुधवारी परत बसणार आहे. ते असोत नाहीतर नसोत.

इंदू


१२ नोव्हेंबर १९९८

नामदेवभावजी आणि मंगला,

मिलिंद परत निघालाय, त्याच्याबरोबर दिवाळीचा फराळ पाठवलाय. चिवड्यात खोबरं कमी आहे, भावजींच्या पथ्यामुळं. मंगला, त्यांना चकल्या मोजून दे.

आता बातमी. तुमचे मित्र बसले.

मी दुसऱ्या बुधवारी आत गेले तेव्हा ते खुर्चीतच होते. उठले नाहीत. मी स्वतःला ओतलं, पाणी घातलं. मग म्हणाले, "सोडा कुठंय? सोड्याशिवाय कसली व्हिस्की?"

"यात सोडा घालत नसतात. वास मरतो."

"मला शिकवायलीस?"

"हौ."

पेला पुढं केला त्यांनी. मी ओतलं. प्यायले, आणि तोंड असं केलं की मलाच हसू आलं. दोघं गप्प. तास झाला, जेवलो. त्यानंतरच्या बुधवारीही तसंच. मी म्हटलं, हे कसलं बसणं? भावजींशी बोलायचात तसं बोला की. तर म्हणतात, "काय बोलायचो आम्ही? काही नाही. नाम्या आमच्या साहेबांच्या नकला करायचा, मी हसायचो. बाकी वेळ गप्पच असायचो." भावजी, खरं का हे? इतकी वर्षं मी पडद्याबाहेर उभी राहून समजत होते की आत केवढं काय काय बोलणं चाललंय, ते मला कधी कळणार नाही. आणि आत दोन माणसं डाळ खात गप्प बसलेली!

मग मीच बोलायला लागले. मला नकला येत नाहीत. मी पेल्यातलं बोलायला लागले. म्हटलं, यात लवंग आहे. ते म्हणाले, वेडी का काय, कुठली लवंग? मी म्हटलं, गिळून थांबा. थांबले. "लवंग नाही," म्हणाले. "धूर आहे." मी म्हटलं, धूर तर आहेच, पण कसला? चुलीचा?

बराच वेळ पेला नाकाशी धरून बसले. मग म्हणाले, "चुलीचा नाही. गुऱ्हाळाचा."

आणि भावजी, हा माणूस बोलायला लागला. निलंग्याकडचं त्यांचं शेत, थंडीतलं गुऱ्हाळ, पाचटाचा धूर. मला इतकंच ठाऊक होतं की मामंजी फार कडक होते. हे सांगत होते, काहिलीतला रस उकळून आला की मामंजी एक थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघायचे. झाली की ती गोळी ते कुणाला द्यायचे नाहीत, पाटलालाही नाही. यांना हाक मारायचे आणि तोंडात घालायचे. "बापानं मला कधी जवळ घेतलं नाही इंदू," म्हणाले. "पण पहिली गोळी माझी. ती एवढी गरम असायची की तोंड भाजायचं, पण मी थुंकायचो नाही." बोलताना रडले नाहीत. मी रडले. तीस-एकतीस वर्षं या घरात गूळ येतो, मी फोडते, डब्यात भरते. मला हे ठाऊक नव्हतं.

प्रणिताला वास आला तो हाच असणार. गावी तो धूर लांबून तिच्या नाकात गेला असेल, पण गुऱ्हाळ तिला कधी दाखवलंच नाही आम्ही.

इतकं चांगलं चाललेलं, आणि माझ्या मनात मात्र काटा. कारण ते एक दिवस विचारणारच की हे सगळं तुला शिकवलं कुणी. सांगावं तर परत मिटतील. न सांगावं तर मी तेच करतेय, जे तुम्ही केलंत. तुम्हाला मी पहिल्या पत्रात शहाणपण शिकवलं होतं, "एक शब्द सांगायचा होतात" म्हणून. आणि मी दर चार दिवसांनी पोस्टात तुमचं पत्र आलं का बघायला जाऊन, घरी येताना कोथिंबिरीची जुडी आणत होते, निमित्त म्हणून. घरात इतकी कोथिंबीर झालीय की वड्या करून करून कंटाळले.

काल सांगून टाकलं. पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "अहो, मला हे भावजींनी शिकवलं. पत्रातून. जूनपासून."

त्यांनी डाळीची बशी जवळ ओढली. मग म्हणाले, "ठाऊक आहे."

"कसं?"

"पहिल्या दिवशी तू हातावर थेंब चोळलास. बिदरची प्रत्येक बाटली नाम्या तशीच तपासायचा. दुसरं कुणी करत नाही तसं. तुझ्यात मला तो दिसला. बसवेना, म्हणून उठून गेलो."

"मग दुसऱ्या बुधवारी कसे बसलात?"

पेल्याकडं बघत म्हणाले, "बसलो. वाटलं, आलाय तर बसू दे."

मी विचारलं, त्यांना पत्र लिहिता का? मान हलवली, नाही. "तू लिहितेस ना. लिही." एवढंच. रागावलेले नाहीत, हे मी तुम्हाला पैजेवर सांगते. पण त्यांच्याकडून पहिला शब्द निघत नाही, आणि तो मला काढता येत नाही. तुम्हीही दर पत्रात मला लिहिता, "एकनाथ कसा आहे?" अहो, एकनाथला विचारा ना! दोघंही माझ्या आडून बोलता. मी काय पडदा आहे?

इंदू


२१ जानेवारी १९९९

नामदेवभावजी,

कालचं अर्धं तुम्हाला ठाऊक आहे. उरलेलं मी सांगते.

काल बाटली संपली. शेवटचं दोघांत सारखं वाटून घेतलं. यांनी पेला बराच वेळ पुरवला, मीही पुरवला. मग बाटली उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "संपली."

"संपली," मी म्हटलं.

"चल."

"कुठं?"

"त्याला सांगायला."

"काय सांगायला?"

"संपली म्हणून."

मी एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर विचार बदलला असता. शाल घेतली आणि निघाले. घरच्या फोनवरून परदेशी लागत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवर गेलो. तुमचा नंबर मी पाठ केलाय. तो मी लिहून दिला, हे आत गेले आणि काचेचं दार लावून घेतलं. मी बाहेर उभी.

तुमच्याकडं सकाळ असणार, नातवाला न्याहारी भरवत असाल. तुम्ही फोन उचललात तेव्हा यांनी काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. मला पाठ दिसत होती. बराच वेळ पाठ हलली नाही. मला वाटलं, लागला नाही फोन. मग वाटलं, लागला पण दोघंही गप्प आहेत, तुमच्या सवयीप्रमाणं. मग यांनी एक हात काचेला टेकला, खाली वाकले, आणि खांदे हलायला लागले.

बूथवाला घाबरला. "अम्मा, अंकलकु क्या हुआ? रो रै क्या?"

मी काचेला नाक लावून पाहिलं. हसत होते, भावजी. तोंड उघडं, डोळे मिटलेले, गालावरून पाणी ओघळतंय आणि पोट धरून हसताहेत. आवाज काचेतून येत नव्हता. पण तो आवाज मी तीस वर्षं पडद्याबाहेरून ऐकलेला आहे, चेहरा कधी पाहिला नव्हता. हसताना ते असे दिसतात, हे मला काल कळलं. किती लहान दिसतात!

मी रस्त्यातच पदर तोंडाला लावला. बूथवाल्याला म्हटलं, "कुछ नै बेटा, अच्छे हैं."

पण आता खरं सांगते. आनंद झाला, आणि त्याच्या आत एक बारीकशी कळ आली. म्हटलं, झालं. ज्याचं त्याला मिळालं. आता हे बाहेर येतील, मी विचारेन "काय म्हणाले भावजी?", आणि हे म्हणतील, "काही नाही." मग मला तुम्हाला पत्र लिहून विचारावं लागेल, आणि तुम्ही तीन पानं लिहाल. पुढचं सगळं परत तसंच.

हे बाहेर आले. डोळे पुसले. मी काही विचारलं नाही. आम्ही चालायला लागलो.

चार पावलं गेलो असू, तर म्हणाले, "इंदू, ऐक. तो काय म्हणाला माहिताय?"

आणि सांगायला लागले. तुम्ही फोन उचलून "हॅलो" इंग्रजीत म्हणालात, ते कसं म्हणालात तेही करून दाखवलं. तुमच्या मित्राला नकला येतात, ठाऊक होतं का तुम्हाला? तुम्ही सहीबद्दल काय म्हणालात ते सांगितलं. त्यावर स्वतः काय म्हणाले ते सांगितलं, की "तू सांगितलं असतंस तर मी तुला जाऊ दिलं नसतं, म्हणून नाही सांगितलंस, लेका, बरोबर केलंस." मग मंगला मधेच फोनवर आली आणि रडली. नातू तुम्हाला "नाम्या" म्हणतो. बर्फात तुम्ही घसरून पडलात, हे तुम्ही मला एकाही पत्रात लिहिलं नाही! दाणे संपलेल्या जात्यासारखा हा माणूस इतके महिने गप्प होता, आणि काल नारायणगुड्याच्या त्या गर्दीत, रिक्षा-स्कूटरमधून, माझा दंड धरून बोलतोय, बोलतोय. मधे रस्ता ओलांडायला थांबलो तेवढीच उसंत.

तेव्हा भावजी, तुम्ही दोघं काय बोललात ते मला लिहून कळवायची गरज नाही. हे सांगायलाच आजचं पत्र.

घर आलं. मी फाटकाला हात लावला, तर म्हणाले, "थांब. जरा पुढं चल ना. अजून सांगायचं राहिलंय."

आम्ही पुढं गेलो.

इंदू